दात पुढे आलेत म्हणून आलेला मुलगा

साडेआठ वर्षांचा मुलगा, तिसरीत शिकणारा. घर तासगाव तालुक्यात, दाराशी द्राक्षबाग आणि पलीकडे बेदाण्याचं शेड. तक्रार एका वाक्याची: वरचे दात पुढे आलेत, शाळेत पोरं चिडवतात, क्लिप लावायची आहे. सोबत आई, वडील आणि आजी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

सांगलीत ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात-जबड्यांची ठेवण सुधारणारी दंतवैद्य, म्हणून काम करताना ही तक्रार रोजची. तरी हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण ‘जबडा रुंद करा, घोरणं घालवा’ छापाच्या जाहिराती आता प्रत्येक आईवडिलांच्या मोबाइलवर येऊन पडतात. त्यात तथ्य आहे, पण जाहिरातीत सांगतात तेवढं नाही, आणि सांगतात त्या क्रमानं तर नाहीच. या मुलाच्या बाबतीत सगळा पेच क्रमाचाच होता.

खुर्चीत काय दिसलं

‘आ कर’ म्हणायची वेळच आली नाही, तोंड उघडंच होतं. वरचा ओठ आखूड आणि कोरडा, खालचा ओठ वरच्या पटाशीच्या दातांमागे अडकलेला. डोळ्यांखाली काळसर छटा. हनुवटी मागे. वरचे दात खालच्यांपेक्षा ८ मिमी पुढे. २ ते ३ मिमी असतात तेव्हा आम्ही ठीक म्हणतो. वरच्या पुढच्या हिरड्या लाल आणि सुजलेल्या, पण मागच्या हिरड्या चांगल्या. घासण्यातला आळस असता तर सगळीकडेच सूज दिसली असती. फक्त पुढेच आहे म्हणजे तिथली हिरडी दिवसरात्र हवेनं सुकते आहे.

टाळू अरुंद आणि खोल. वरच्या पहिल्या कायमच्या दाढांमधलं अंतर टाळूच्या बाजूनं मोजलं, ते ३० मिमी भरलं. या वयात ३४-३५ मिमीची अपेक्षा असते. उजव्या बाजूला वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत होत्या, म्हणजे क्रॉसबाइट. त्यामुळे दात मिटताना खालचा जबडा उजवीकडे सरकायचा. जीभ दाबून घसा पाहिला तर दोन्ही टॉन्सिल पडजिभेला जवळजवळ भिडलेले.

तोंडानं श्वास घेणारं मूल दिसलं की मी दातांचं बाजूला ठेवून झोपेचं विचारते. घोरतो का? आईनं वडिलांकडे पाहिलं. उत्तर आजींनी दिलं, “घोरतोय तर काय, आमच्या घरात समदीच घोरत्यात. आजोबांवर गेलाय.” घोरण्याला रोग मानायची आपल्याकडे पद्धत नाही. उलट गाढ झोप लागली याची ती खूण समजतात.

मिशिगन विद्यापीठात तयार झालेली २२ प्रश्नांची एक प्रश्नावली लहान मुलांच्या झोपेसाठी जगभर वापरतात. आठ किंवा जास्त प्रश्नांना ‘हो’ आलं की पुढची तपासणी हवी. याची तेरा आली. रोज घोरतो. उशी लाळेनं ओली होते. सकाळी उठताना तोंडाला कोरड, अधूनमधून डोकं दुखतं. आठवड्यातून दोनदा तरी अंथरूण ओलं होतं. आईनं हे सांगितलं ते मुलाला बाहेर बसवून, खालच्या आवाजात. शाळेत बाईंची तक्रार की लक्ष नसतं, जागेवर बसत नाही. लहान मुलांची झोप मोडली की ती मोठ्यांसारखी पेंगत नाहीत, उलट जास्त वळवळतात. त्यामुळे त्यांची झोप कमी पडते आहे असा संशय कुणाला येत नाही. वजनही वयाच्या मानानं कमी होतं. घोरणारा म्हणजे जाडाच असणार ही समजूत मुलांच्या बाबतीत फसवी आहे.

आईला सांगितलं, एक व्हिडिओ काढून आणा. पहाटे चारच्या सुमारास, दिवा लावून, बनियन काढून, छाती-पोट दिसेल असा बाजूनं, दोन-तीन मिनिटांचा. पहाटेची वेळ मुद्दाम. मुलांचा श्वास जास्त करून अडतो तो स्वप्नं पडणाऱ्या झोपेत, आणि ती झोप रात्रीच्या शेवटच्या प्रहरात जास्त असते. रात्री अकराला डोकावून ‘छान झोपलाय’ म्हणणाऱ्या आईला ते दिसत नाही.

तिनं आणलेला व्हिडिओ मी बऱ्याच पालकांना सांगते तसा नेमका होता. मान मागे ताणलेली, तोंड उघडं. घोरणं वाढत जातं आणि एकाएकी थांबतं. पण छाती थांबलेली नाही: पोट वर येतंय आणि त्याच वेळी छाती आत ओढली जातेय, गळ्याच्या खळगीत खड्डा पडतोय. मूल श्वास घ्यायची धडपड करतंय आणि हवा जात नाहीये. मग एक मोठा घुसमटलेला आवाज, कूस पालटली, पुन्हा घोरणं. तीन मिनिटांत हे दोनदा. वडिलांनी तो व्हिडिओ पहिल्यांदा माझ्याच टेबलावर पाहिला.

नाक, जीभ आणि टाळू

इथे थोडं थांबून यंत्रणा सांगायला हवी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत.

टाळू हे तोंडाचं छत, पण तेच नाकाची जमीनही आहे. टाळू अरुंद आणि उंच असला की त्यावरची नाकाची पोकळीही अरुंद राहते. आता उलट बाजूनं पाहा. नाक बंद असेल तर मूल तोंड उघडं ठेवतं. तोंड उघडं की जीभ टाळूला टेकायची सोडून खाली पडते. जिभेचा आतून बाहेर जाणारा रेटा गेला, गालांचा बाहेरून आत येणारा दाब राहिला, आणि वाढीच्या वयातला वरचा जबडा हळूहळू आवळला गेला. म्हणजे बंद नाकामुळे टाळू अरुंद, आणि अरुंद टाळूमुळे नाक आणखी चिंचोळं.

कॅलिफोर्नियात एगिल हार्वोल्ड यांनी वाढीच्या वयातल्या माकडांच्या नाकपुड्या बंद करून पाहिलं, तेव्हा त्यांच्या जबड्यांची ठेवण बदलली, दातांची बैठक बिघडली. स्वीडनमध्ये लिंडर-आरोन्सन यांनी १९७० साली मोठे अ‍ॅडेनॉइड असलेल्या मुलांचे चेहरे आणि दात मोजून असाच संबंध दाखवला. तरी तोंडानं श्वास घेणाऱ्या प्रत्येक मुलाचा चेहरा लांबट होत नाही, आणि अरुंद टाळूच्या प्रत्येक मुलाचा श्वास अडत नाही. घराण्यातून आलेली चेहऱ्याची ठेवणही मोठं काम करते. आजी म्हणाल्या ते अगदीच चूक नव्हतं: आजोबांची मागे असलेली हनुवटी नातवाकडे आली होतीच.

अ‍ॅडेनॉइड म्हणजे नाकाच्या मागे, घशाच्या छताला असलेली गाठ. आरशात दिसत नाही, म्हणून लोकांना माहीत नसते. दोन ते आठ या वयात टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड घशाच्या जागेच्या मानानं सर्वांत मोठे असतात. मुलांच्या झोपेतल्या श्वासाच्या अडथळ्याचं, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्नियाचं, हे सगळ्यात मोठं कारण. या मुलाच्या बाजूनं काढलेल्या एक्स-रेत अ‍ॅडेनॉइडनं नाकामागची वाट बरीचशी बुजवलेली दिसत होती. असा एक्स-रे सपाट असतो आणि जागेपणी काढलेला असतो. त्यावरून शंका घेता येते, झोपेत काय होतं ते कळत नाही.

वडिलांचा कागद

नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे पाठवते म्हटल्यावर वडिलांनी खिशातून घडी केलेला छापील कागद काढला. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याची माहितीपत्रिका होती. जबडा रुंद करणारं उपकरण लावा, टॉन्सिलचं ऑपरेशन टळेल, असा एकूण सूर. खाली एका परदेशी अभ्यासाचा आकडा. वडील म्हणाले, “मॅडम, नाहीतरी टाळू रुंद करायचाच आहे म्हणता. मग तेच आधी करा. कापाकापी कशाला?”

प्रश्न रास्त होता. फटकारून टाकण्यासारखा नव्हता, म्हणून तो कागद मी त्यांच्यासमोर नीट वाचला.

त्यातला अभ्यास खरा आहे. २००४ साली इटलीच्या पिरेली आणि सहकाऱ्यांनी, स्टॅनफर्डच्या ख्रिस्तियाँ गिलमिनो यांच्यासोबत, तो प्रसिद्ध केला. ३१ मुलं. उपचाराआधी तासाला सरासरी १२.२ वेळा श्वास अडायचा. टाळू रुंद केल्यावर चार महिन्यांनी सगळ्यांचा आकडा १ च्या खाली. वाचून कुणीही भारावेल. पण त्या अभ्यासात मुलं कोणती घेतली होती? ज्यांचे टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड वाढलेले नाहीत, वजन जास्त नाही आणि वरचा जबडा अरुंद आहे, अशीच. म्हणजे समोर बसलेल्या मुलासारखी मुलं त्यात घेतलीच नव्हती. शिवाय उपचार न करता नुसती पाहिलेली मुलं तुलनेला नव्हती. माहितीपत्रिकेत आकडा होता, पण यातलं एकही वाक्य नव्हतं.

गिलमिनो यांच्याच गटानं पुढे अशी मुलं घेतली ज्यांना अरुंद जबडा आणि मोठे टॉन्सिल दोन्ही होते. काहींचं ऑपरेशन आधी केलं, काहींचा टाळू आधी रुंद केला. अभ्यास लहान होता, पण बहुतेकांना शेवटी दोन्ही उपचार लागले.

अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेनं २०१९ साली या विषयावर सविस्तर भूमिका मांडली. प्रत्येक रुग्णाच्या झोपेची चौकशी करा आणि शंका आली की पाठवा, पण निदान वैद्यकीय डॉक्टरांनी करायचं. दातांच्या दृष्टीनं गरज नसेल तर केवळ श्वासासाठी म्हणून टाळू रुंद करू नका. माझं काम मी तेवढंच समजते. श्वास अडतो हे मला खुर्चीत दिसू शकतं. किती अडतो आणि का, हे ठरवण्याचं साधन माझ्याकडे नाही. या मुलाला दाढांच्या उलट्या बैठकीसाठी टाळू रुंद करून हवाच होता. फक्त तो पहिला उपचार नव्हता.

वडिलांनी आणखी एक विचारलं. मोबाइलवर पाहिलं होतं की झोपताना तोंडाला चिकटपट्टी लावली की नाकानं श्वास घ्यायची सवय लागते. ज्या मुलाचं नाक मागून बुजलंय त्याचं तोंडही बंद करायचं? यावर माझा आवाज जरा चढला असावा, कारण आजींनी मध्येच “असलं काय करायचं नाही हां” म्हणून लेकाला दटावलं.

रात्रभराची तपासणी

स्लीप स्टडी रुग्णालयात झाली, आई शेजारी झोपली. डोक्याला, छातीला, पोटाला, पायाला वायरी, नाकाशी नळी, बोटाला ऑक्सिजनची चिमटी. नाकाची नळी मुलानं रात्रीत दोनदा ओढून काढली, तंत्रज्ञानं दोनदा बसवली.

तासाला किती वेळा श्वास पूर्ण थांबला किंवा चांगलाच उथळ झाला, हा आकडा एएचआय. मोठ्या माणसात ५ पासून पुढे आजार धरतात, मुलांत १ च्या वर गेला तरी तो नेहमीसारखा नाही. पालकांना हा फरक कुणी सांगत नाही, आणि ‘तासाला तीन वेळा म्हणजे काय विशेष’ असं वाटून अहवाल कपाटात जातो. या मुलाचा एएचआय ९.४ आला. रक्तातला ऑक्सिजन सर्वांत खाली ८४ टक्क्यांपर्यंत. बहुतेक प्रसंग पहाटे तीन ते सहामधले.

नाक-कान-घसा तज्ज्ञांनी टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड दोन्ही काढण्याचा सल्ला दिला. सोबत अ‍ॅलर्जीचं निदान. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागायची, आणि बेदाण्याच्या हंगामात फार. बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून शेडमध्ये गंधकाची धुरी देतात. तो धूर नाकाला झोंबतो हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण मुलाच्या झोपेशी कुणी जोडलं नव्हतं. धुरीच्या दिवसांत त्याला शेडकडे जाऊ न देण्याचं आजींनी अंगावर घेतलं.

वडील अजून अडून होते. थांबलं तर आपोआप बरं होत नाही का? हाही प्रश्न पोकळ नाही. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेला मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचं ऑपरेशन लवकर केलं, अर्ध्यांना सात महिने नुसतं लक्षाखाली ठेवलं. ऑपरेशनवाल्यांपैकी ७९ टक्क्यांची झोपेची तपासणी नॉर्मल झाली. थांबलेल्यांपैकीही ४६ टक्क्यांची झाली. म्हणजे जवळजवळ निम्मी मुलं काही न करता सुधारली! सौम्य त्रास असलेल्या मुलाच्या आईला मी हा आकडा मुद्दाम सांगते. तिला घाई करायचं कारण नसतं, नाकाचा फवारा देऊन काही आठवडे पाहता येतं. ऑस्ट्रेलियातल्या २०२३ च्या एका चाचणीत तर घोरणाऱ्या मुलांना सहा आठवडे साध्या मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यानं स्टेरॉइडच्या फवाऱ्याइतकाच आराम पडला. पण ज्यांच्या रक्तातला ऑक्सिजन फार खाली जातो अशी मुलं त्या अमेरिकी अभ्यासात घेतलेली नव्हती. याचा ८४ पर्यंत जात होता, वजन वाढत नव्हतं, अंथरूण ओलं होत होतं. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी हे त्यांच्या भाषेत समजावलं, मी माझ्या. शेवटी सही कुठल्या शब्दानं झाली सांगता येणार नाही. मला वाटतं, त्या व्हिडिओनं झाली.

ऑपरेशननंतर

मे महिन्याच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. झोपेत श्वास अडणाऱ्या मुलाला भुलीनंतर जास्त जपावं लागतं, म्हणून त्या रात्री ऑक्सिजनवर लक्ष ठेवायला रुग्णालयातच ठेवलं. घशावरची पांढरी खपली आठवड्याभरानं सुटते, त्या सुमारास रक्त येण्याचा धोका असतो. ते दिवस नीट गेले.

पंधरा दिवसांत आईचा फोन आला. घोरणं जवळजवळ बंद, आणि रात्री इतकी शांतता की ती उठून त्याच्या नाकाशी हात धरून पाहायची. अंथरूण ओलं होणं दोन महिन्यांत थांबलं. पुढच्या काही महिन्यांत वजन चांगलं वाढलं, जे अशा मुलांत बऱ्याचदा होतं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, आता जागेवर बसतो. गणिताचे मार्क होते तिथेच राहिले. हे मुद्दाम नोंदवते: त्या मोठ्या अभ्यासातही मुलांचं वागणं, लक्षणं, घरच्यांना वाटणारा फरक सुधारला, पण एकाग्रतेच्या औपचारिक चाचणीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. ‘ऑपरेशन करा, पोरगं हुशार होईल’ असं आश्वासन मी कधीच देत नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा स्लीप स्टडी. या दुसऱ्या तपासणीला घरच्यांचा विरोध होता: बरा झालाय की, परत खर्च कशाला? एएचआय ३.१ आला, सर्वांत कमी ऑक्सिजन ९१. बराच खाली, पण मुलाच्या मापानं अजून नॉर्मल नाही. घोरणं थांबलं म्हणजे अडथळा संपला असं नसतं, आणि ते कानानं कळत नाही. दिवसा तोंड अजून उघडं राहायचंच. नाकामागची वाट मोकळी झाली होती, पण नाक आतून चिंचोळं होतं आणि जीभ खाली पडायची सवय गेली नव्हती.

चावी

आता माझी पाळी आली. पहिल्या दाढांना कडी बसवून, मध्ये टाळूवर आडवा स्क्रू असलेलं उपकरण चिकटवलं. वरचा जबडा जन्मतः दोन भागांचा असतो, मधोमध हाडाची शिवण. मुलांत ती पक्की झालेली नसते, म्हणून हळूहळू दोन्ही भाग बाजूला सारता येतात आणि मधल्या फटीत नवं हाड भरतं. ही कल्पना दीडशेहून अधिक वर्षं जुनी आहे. १८६० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन अँजेल यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीच्या तोंडात स्क्रू बसवून दोन आठवड्यांत टाळू रुंद केल्याचं लिहिलं, तेव्हा व्यवसायातल्या लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. १९६१ पासून अँड्र्यू हास यांच्या कामामुळे ती पुन्हा रुजली.

स्क्रू फिरवायचं काम घरच्यांचं. आईला शिकवलं: मुलाला मान मागे टाकून पलंगावर आडवं करा, उजेड टाळूवर पडू द्या, बारीक चावी स्क्रूच्या भोकात पुढून घाला आणि घशाच्या दिशेनं ढकला. पुढचं भोक पूर्ण दिसलं म्हणजे एक फेरा पूर्ण. चावी काढताना ती घशाच्या बाजूलाच ठेवून खाली दाबत सोडवायची, पुढे ओढायची नाही, नाहीतर फिरवलेलं परत येतं. चावीला दोरा बांधून दोरा बोटाला गुंडाळून ठेवायचा, कारण ती सुटली तर थेट घशात. एका फेऱ्याला साधारण पाव मिलिमीटर. सकाळी एक, रात्री एक. फेऱ्यानंतर नाकाच्या मुळाशी आणि गालाच्या हाडांत पाचेक मिनिटं दाब जाणवतो, मग ओसरतो. पहिल्या दोन दिवसांत बोलणं बोबडं झालं, लाळ सुटायची, भाकरीचा तुकडा स्क्रूखाली अडकायचा. मुलगा चिडला, जेवायलाच नको म्हणाला. भाकरी दुधात कुस्करून दिली आणि जेवणानंतर सिरिंजनं पाणी मारायला लावलं, तेव्हा सुरळीत झालं.

आठव्या-नवव्या दिवशी समोरच्या दोन दातांत फट पडली. आधी सांगून ठेवलेलं असतं, तरी प्रत्येक घर घाबरतं. आजींनी फोनवर विचारलं, “दात सरळ करायला दिला होता की फाकवायला?” शिवण उघडल्याची ती खूण आहे. काही आठवड्यांत दात आपोआप जवळ येतात, आणि आले.

हवं तेवढं रुंद झाल्यावर स्क्रू पक्का केला आणि उपकरण सहा महिने तसंच ठेवलं. नवं हाड भरायला तेवढा वेळ लागतोच. लवकर काढलं की टाळू परत आवळतो. दाढांमधलं अंतर ३५.५ मिमी झालं, क्रॉसबाइट सुटला, जबड्याचं उजवीकडे सरकणं थांबलं. पिरेलींच्या मोजणीत टाळू सरासरी चार मिलिमीटरच्या वर रुंद झाला, तेव्हा नाकाच्या हाडाचं तोंड सव्वा मिलिमीटरच्या आसपास रुंदावलं होतं. आकडा किरकोळ वाटतो, पण इतक्या अरुंद नळीत थोडी रुंदी वाढली तरी हवेचा अडथळा बराच कमी होतो. त्याच काळात नाकाचा फवारा चालू होता आणि ओठ मिटून जीभ टाळूला टेकवायचे व्यायाम चालू होते, तेही रडतखडत.

उपकरण काढल्यावर तिसरी स्लीप स्टडी. एएचआय १.३, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला नाही.

श्रेय कुणाचं? वडिलांनी सरळ विचारलं, “म्हणजे तुमच्या स्क्रूनं झालं ना?” ९.४ वरून ३.१ हा मोठा पल्ला ऑपरेशनचा, यात शंका नाही. उरलेल्यात टाळूचा वाटा असेल. पण याच काळात मूल वर्षभरानं मोठं झालं, घसा वाढला, अ‍ॅलर्जी आटोक्यात आली. एका मुलावरून ही वजाबाकी करता येत नाही. जो कुणी छातीठोकपणे ‘हे आमच्या उपकरणानं’ म्हणेल, त्याच्याकडे मी संशयानं पाहीन. टाळू मी क्रॉसबाइटसाठी रुंद केला होता आणि तो हिशेब पूर्ण झाला.

वडिलांचं स्वतःचं

एक गोष्ट राहिली. तिसऱ्या अहवालाच्या वेळी आई म्हणाली, “आता यांचं काहीतरी बघा.” वय बेचाळीस, मान जाड, घोरणं अंगणात ऐकू येतं, दुपारी पिकअप चालवताना डुलकी. ते लगेच म्हणाले, मलाही स्क्रू लावा! मोठ्यांची शिवण पक्की झालेली असते. नुसत्या दातांना धरून ताणलं तर जबडा न हलता दात बाहेर कलतात, हिरडी उतरते. हाडात छोटे स्क्रू बसवून काही तरुण रुग्णांत ते जमतं, पण झोपेच्या आजारावर मोठ्यांसाठी पहिला पर्याय सीपॅपचा, म्हणजे हवेच्या दाबानं श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या यंत्राचा, मुखवटा, जो १९८१ साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी वापरात आणला. ज्यांना तो सोसत नाही त्यांना झोपताना खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण देता येतं, तेही तपासणीनंतरच. त्यांची तपासणी झाली. आकडा मुलाच्या पहिल्या आकड्याच्या तिप्पट. मुखवटा वापरतात, पण रोज नाही, अशी आईची तक्रार आहे.

आत्ता काय

मुलगा आता अकराव्या वर्षात आहे. दात पुढे आहेतच, कारण मूळ दोष वरच्या दातांत कमी आणि मागे राहिलेल्या खालच्या जबड्यात जास्त. त्यासाठी ट्विन ब्लॉक वापरायचा बेत आहे. १९७७ साली स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी आणलेलं हे काढता-घालता येणारं दोन भागांचं उपकरण खालचा जबडा पुढे धरून ठेवतं. ते वयात येतानाच्या वाढीच्या झपाट्यात वापरलं तर फळ देतं, आधी लावलं तर मूल नुसतं कंटाळतं. मानेच्या मणक्यांचा आकार एक्स-रेत पाहून ती वेळ ठरवू.

त्यानंतर तारा लागतील. कदाचित दात काढावे लागतील, कदाचित नाही. वडिलांना त्याचीही धास्ती आहे, कारण दात काढले की श्वासाची वाट अरुंद होते असं त्यांनी कुठेतरी वाचलं. अमेरिकेत साडेपाच हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा चार उपदाढा (सुळ्यांमागच्या छोट्या दाढा, जागेसाठी सहसा याच काढतात) नसलेल्यांत आणि असलेल्यांत झोपेच्या आजाराचं प्रमाण जवळपास सारखंच, दहा टक्क्यांच्या आसपास निघालं. जागा लागली तर दात काढू, नाही लागली तर नाही. तो निर्णय मोजमाप करून घेऊ, आज नाही.

वर्षातून एकदा झोपेची प्रश्नावली आणि पहाटेचा व्हिडिओ ठरलेला आहे. वयात येताना वजन वाढलं किंवा घोरणं परतलं तर चौथी स्लीप स्टडी करावी लागेल, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवलंय. मुलाची तक्रार वेगळीच आहे: एवढं सगळं झालं, मॅडम, पण क्लिप अजून लावली नाहीच.